सेगमेंट की पेज? लहान कर्नलसाठी मेमरीचं संरक्षण निवडताना

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि चौघांचा गट मिळून ३२-बिट एक्स८६ वर (इंटेलच्या पीसी प्रोसेसरची जात) लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिताय. दोन-तीन प्रोग्रॅम एका वेळी चालतात, पण त्यातल्या एकाने भलत्या पत्त्यावर लिहिलं की कर्नलसकट, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासकट, सगळं आडवं होतं. गाइड सर म्हणतात सेगमेंटेशन करा (प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचा सलग तुकडा), सोपं पडेल; पुस्तकं म्हणतात पेजिंग (मेमरीच्या सारख्या मापाच्या लहान चौकटी). शिवाय हाच गाभा पुढे रावेर-यावलकडच्या केळीबागांसाठी ठिबकच्या व्हॉल्व्ह कंट्रोलरवर चढवायचा विचार आहे. तर कोणता रस्ता धरावा?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. एक्स८६ वर पेजिंग करा आणि सेगमेंट प्रोसेसर मागतो तेवढेच, सपाट (पूर्ण मेमरीभर पसरलेले) ठेवा. कंट्रोलरवर पेजिंग बहुधा मिळणारच नाही. तिथे जे मिळतं ते सेगमेंटच्याच जातीचं आहे, आणि तिथे तुमच्या सरांचं म्हणणं बरंचसं लागू पडतं.

कोणती पद्धत जास्त सुरक्षित, हा इथला खरा प्रश्न नाही. प्रत्येक वेळी मेमरीला हात लावताना हार्डवेअर तपासणी करतं, आणि ती दोन्हींत होते. १९८२ च्या ८०२८६ या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पेजिंग नव्हतंच. नुसत्या सेगमेंटवर त्याने एका प्रोग्रॅमला दुसऱ्यापासून आणि दोघांना कर्नलपासून वेगळं ठेवलं. खरा फरक दोन जागी पडतो. मेमरीची वाटणी सलग तुकड्यांत करायची की सारख्या मापाच्या चौकटींत, हा पहिला. तुमचा सी कंपायलर पत्त्यांबद्दल काय धरून चालतो, हा दुसरा. पुस्तकं पहिल्यावर पानंच्या पानं लिहितात. प्रोजेक्ट मात्र बहुधा दुसऱ्यात अडकतो.

त्याआधी एक घोळ दूर करू. पेजिंग घेतलं म्हणजे सेगमेंटपासून सुटका झाली, असं एक्स८६ वर होत नाही. कर्नलची रिंग ० आणि प्रोग्रॅमची रिंग ३ हा अधिकाराच्या पातळीचा भेद सेगमेंटच्या डिस्क्रिप्टरमध्येच, म्हणजे त्याचं वर्णन करणाऱ्या नोंदीत, लिहिलेला असतो. त्यामुळे जीडीटी, म्हणजे या डिस्क्रिप्टरांचा तक्ता, लागतेच. पहिला डिस्क्रिप्टर रिकामा, मग कर्नलचा कोड, कर्नलचा डेटा, प्रोग्रॅमचा कोड, प्रोग्रॅमचा डेटा, आणि शेवटी टीएसएसचा (रिंग ३ मधून कर्नलमध्ये येताना कोणता स्टॅक वापरायचा ते सांगणारी रचना). मधल्या चारही सेगमेंटचा पाया शून्य आणि मर्यादा पूर्ण ४ जीबी. मर्यादेला २० बिटच मिळतात, म्हणून ग्रॅन्युलॅरिटीचं बिट १ करावं लागतं, म्हणजे मोजणी बाइटऐवजी ४ केबीच्या एककात होते. हे बिट विसरलात तर सेगमेंट १ एमबीवरच संपतो आणि कर्नल १ एमबीखाली बसवला असेल तर तो मोठा होईपर्यंत चूक दिसत नाही, मग एके दिवशी अचानक १३ नंबरचा (संरक्षण मोडल्याचा) फॉल्ट येतो. जीडीटी बदलल्यावर सेगमेंट रजिस्टर पुन्हा भरायलाही विसरू नका. प्रोसेसर डिस्क्रिप्टरची प्रत आत ठेवून घेतो आणि तक्त्यातला बदल रजिस्टर पुन्हा भरेपर्यंत त्याला कळत नाही. कोडच्या सेगमेंटसाठी त्याकरता ‘फार जंप’ लागतो, म्हणजे सेगमेंटही सोबत बदलणारी उडी.

आता सरांचा मार्ग. प्रत्येक प्रोग्रॅमला एक पाया आणि एक मर्यादा द्यायची. प्रोग्रॅमचा पत्ता मर्यादेपेक्षा मोठा असेल तर फॉल्ट, नाहीतर पाया मिळवून खरा पत्ता. प्रोग्रॅम बदलताना दोन डिस्क्रिप्टर बदलले की काम झालं. पेज टेबल (कोणतं पेज खऱ्या मेमरीत कुठे ते सांगणारा तक्ता) नाही, टीएलबी (त्या तक्त्यातल्या नोंदींची प्रोसेसरने जवळ ठेवलेली प्रत) नाही. प्रोग्रॅम उचलून दुसरीकडे ठेवायचा तर मेमरी कॉपी करून पाया बदलायचा. आतले पॉइंटर पायापासून मोजलेले असल्यामुळे ते तसेच चालतात. कागदावर हे खरंच देखणं आहे.

अडचण जीसीसीसमोर येते. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही सी कंपायलर असं धरून चालतात की डेटा आणि स्टॅक एकाच पत्त्यांच्या पट्ट्यात आहेत. फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला, की तिथे तो साधा पॉइंटर म्हणून डेटा सेगमेंटमधूनच वाचला जातो. स्टॅकला वेगळा पाया दिलात तर हा पॉइंटर भलतीकडेच बोट दाखवतो. म्हणजे डेटा आणि स्टॅक यांचा पाया एकच हवा. एकदा तो एक केला की स्टॅक वाढत जाऊन डेटावर चढला तरी फॉल्ट येत नाही, कारण दोन्ही एकाच मर्यादेत आहेत. कोडच्या सेगमेंटवर लिहिता येत नाही हे खरं, पण त्याच पत्त्यांवर डेटा सेगमेंट पसरलेला असला तर त्या वाटेने कोड खुशाल बदलता येतो. वर्गात शिकवतात ते कोड, डेटा, स्टॅक असे वेगळे सेगमेंट सी मध्ये लिहिताना गळून पडतात, आणि हातात उरतो प्रत्येक प्रोग्रॅममागे एक पाया आणि एक मर्यादा.

तेवढ्याने एक प्रोग्रॅम दुसऱ्यापासून वाचतो, यात शंका नाही. पण मग जागेच्या वाटपाचं दुखणं सुरू होतं. गावात तीन ठिकाणी दोन-दोन एकर मोकळी आहे, पण केळीला सलग पाच एकर हवी, तर ती सहा एकर असून नसल्यासारखी. सेगमेंटचं नेमकं तसंच. ३२ एमबीच्या मशिनवर २ एमबीची तीन भोकं उरली की ४ एमबीचा प्रोग्रॅम चढत नाही. मग एखादा चालू प्रोग्रॅम सरकवा, किंवा वाट बघा. प्रोग्रॅमने जास्त मेमरी मागितली आणि शेजारी दुसरा बसलेला असला की पुन्हा तेच.

आणखी एक काटा आहे, तो सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो तिथे, टोचतो. कर्नलचा पाया शून्य आणि प्रोग्रॅमचा पाया वेगळा, त्यामुळे प्रोग्रॅमने दिलेला पॉइंटर कर्नलला जसाच्या तसा वापरता येत नाही. प्रत्येक ठिकाणी पाया मिळवा, किंवा एफएस या जादा सेगमेंट रजिस्टरमध्ये प्रोग्रॅमचा सेगमेंट ठेवून त्यातून वाचा. १९९१ च्या सुरुवातीच्या लिनक्समध्ये असंच होतं: ४ जीबीच्या एकाच पत्त्यांच्या पट्ट्यात प्रत्येक प्रोसेसला ६४ एमबीचा सेगमेंट, आणि कर्नल एफएसमधून प्रोग्रॅमची मेमरी वाचायचा. ती रचना नंतर गेली, पण ‘सेट एफएस’ या नावाचं फंक्शन पुढे कितीतरी वर्षं कर्नलमध्ये राहिलं, एफएसशी त्याचा काही संबंध उरला नसतानाही.

पेजिंगकडे येऊ. १९८५ च्या ८०३८६ मध्ये ते आलं. ४ केबीची चौकट, वर १०२४ नोंदींची पेज डिरेक्टरी, खाली १०२४ नोंदींची पेज टेबलं. प्रत्येक नोंदीत तुमच्या कामाचे तीन बिट: पेज हजर आहे का, लिहिता येतं का, रिंग ३ ला दिसतं का. प्रोग्रॅमला सलग वाटणारे पत्ते खऱ्या मेमरीत कुठेही विखुरलेले असू शकतात, म्हणून वरचं एकरांचं दुखणं राहत नाही. सगळ्या प्रोग्रॅमना एकाच पत्त्यावर लिंक करता येतं. सेगमेंट सपाट असल्यामुळे कंपायलरचं गृहीतकही मोडत नाही.

किंमत किती? स्टॅक पत्त्यांच्या वरच्या टोकाला आणि कोड खालच्या टोकाला ठेवला तर प्रत्येक प्रोग्रॅममागे एक डिरेक्टरी आणि दोन टेबलं, म्हणजे १२ केबी. प्रत्येक भागाच्या शेवटच्या पेजमध्ये सरासरी अर्धं पेज, म्हणजे २ केबी, वाया जातं. तुमच्यासारख्या प्रोजेक्टला हे परवडतं. एक उणीव मात्र मान्य करायला हवी: साध्या ३२-बिट पेजिंगमध्ये ‘इथला कोड चालवू नका’ असं सांगणारं बिटच नाही, त्यामुळे वाचता येणारं प्रत्येक पेज चालवताही येतं. गंमत म्हणजे हे काम सेगमेंटच्या मर्यादेने जमतं, आणि रेड हॅट कंपनीच्या, लिनक्ससाठीच्या एक्झेक शील्डने कोड सेगमेंटची मर्यादा खाली ओढून तेच केलं होतं. सेगमेंटेशन अगदीच टाकाऊ नाही, ते असं. पण तुम्ही तिकडे वळू नका. ६४-बिट मोडमध्ये प्रोसेसर कोड, डेटा आणि स्टॅक सेगमेंटचा पाया आणि मर्यादा बघतच नाही. एफएस आणि जीएसचा पाया तेवढा उरतो. सेगमेंटवर उभी केलेली संरक्षणव्यवस्था पुढे नेता येणार नाही, आणि तिथे पेजिंगला न-चालवण्याचं बिटही मिळतं.

पेजिंग लिहिताना मी जो क्रम धरतो, तो असा. आधी खऱ्या मेमरीच्या चौकटींचा हिशेब. ३२ एमबी म्हणजे ८१९२ चौकटी. प्रत्येकीला एक बिट दिला तर १०२४ बाइटमध्ये सगळा बिटमॅप बसतो. बूटलोडरने दिलेल्या मेमरीच्या नकाशातून मोकळे पट्टे घ्या आणि कर्नल स्वतः बसलाय त्या चौकटी व्यापलेल्या म्हणून खूण करा. हे राहिलं की वाटप करणारा कर्नलच्याच छातीवर पेज टेबल लिहून ठेवतो.

मग पहिली डिरेक्टरी. पहिले ४ एमबी दोन ठिकाणी जोडा: नोंद ० मध्ये, म्हणजे आहे त्याच पत्त्यावर, आणि नोंद ७६८ मध्ये, म्हणजे ३ जीबीवर. नोंद ० कशाला? पेजिंग चालू केल्याच्या पुढच्याच क्षणी प्रोसेसर पुढची सूचना जुन्याच पत्त्यावरून आणायला जातो. तिथे काही जोडलेलं नसेल तर पेज फॉल्ट, तो हाताळता येत नाही म्हणून डबल फॉल्ट, तोही जमत नाही म्हणून ट्रिपल फॉल्ट, आणि मशिन रीसेट. क्यूईएमयू (सॉफ्टवेअरमधलं नकली मशिन) परत परत बूट होताना दिसतं ते बहुतेक वेळा यामुळेच. आपोआप रीबूट बंद करा, इंटरप्टचा लॉग चालू करा, आणि लॉगमधला पहिला फॉल्ट वाचा. शेवटचा वाचून काही कळत नाही.

सीआर३ या कंट्रोल रजिस्टरमध्ये डिरेक्टरीचा खरा पत्ता जातो, आणि डिरेक्टरीतही टेबलांचे खरेच पत्ते. कर्नल ३ जीबीवर लिंक केल्यावर हातात असलेले पॉइंटर खरे पत्ते नसतात, आणि लोक तेच भरून मोकळे होतात. डिरेक्टरी आणि टेबलं ४ केबीच्या सीमेवर हवीत आणि वापरण्याआधी शून्याने भरलेली हवीत. मग सीआर० मधलं पेजिंगचं ३१ नंबरचं बिट चालू करा, आणि त्याच वेळी १६ नंबरचंही. हे दुसरं बिट ८०४८६ पासून आहे. ते बंद असेल तर कर्नल फक्त वाचायच्या पेजवरही बिनदिक्कत लिहितो, आणि सिस्टिम कॉलच्या आडून प्रोग्रॅमला स्वतःचा कोड बदलून घेता येतो. वरच्या पत्त्यावर उडी मारली की नोंद ० काढून टाका आणि सीआर३ पुन्हा भरा. प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीतही पत्ता शून्यावरचं पेज कधीच जोडू नका, म्हणजे नल पॉइंटर जागेवर पकडला जातो.

नव्या प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीत ७६८ ते १०२३ या नोंदी कर्नलच्या डिरेक्टरीतून उचलायच्या. यात एक छुपा खड्डा आहे. कर्नलने नंतर स्वतःसाठी नवं पेज टेबल घेतलं तर जुन्या प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीत त्याची नोंद नसते, आणि फॉल्ट कधी येतो, कधी येत नाही, कोणता प्रोग्रॅम चालू आहे त्यावर. सरळ उपाय: कर्नलची २५६ टेबलं सुरुवातीलाच घेऊन ठेवा. १ एमबी जाते, पण रात्री वाचतात.

प्रोग्रॅम रिंग ३ मध्ये गेला की पेज फॉल्टचा एरर कोड तुमचा सोबती. पत्ता सीआर२ मध्ये मिळतो. कोड ४ किंवा ६ म्हणजे प्रोग्रॅमने न जोडलेलं पेज वाचलं किंवा लिहिलं. ५ किंवा ७ म्हणजे पेज आहे, पण परवानगी नाही. पहिल्याच वेळी ५ आला तर बहुधा एकच कारण: पेज टेबलच्या नोंदीत रिंग ३ चं बिट आहे, पण वरच्या डिरेक्टरीच्या नोंदीत नाही. परवानगी दोन्हीकडे असेल तरच मिळते. ० किंवा २ आला तर चूक कर्नलची, किंवा प्रोग्रॅमने दिलेला पॉइंटर तुम्ही न तपासता वापरलात. चालू डिरेक्टरीतली नोंद बदलल्यावर त्या पेजसाठी टीएलबी साफ करणारी सूचना द्या. नाहीतर काढून घेतलेलं पेज प्रोग्रॅमला काही काळ दिसतच राहतं.

सिस्टिम कॉलमधला पॉइंटर तपासताना सुरुवातीचा पत्ता ३ जीबीखाली आहे एवढं बघून थांबू नका. सुरुवात आणि लांबी यांची बेरीज ३२ बिटांत उलटून लहान होऊ शकते. म्हणून आधी सुरुवात ३ जीबीखाली आहे का ते बघा, मग लांबी ‘३ जीबी वजा सुरुवात’ यापेक्षा जास्त नाही ना ते. मेलेल्या प्रोग्रॅमची चौकट दुसऱ्याला देण्याआधी शून्याने भरा. आणि प्रोग्रॅम बदलताना टीएसएसमधला कर्नल स्टॅकचा पत्ता बदला. हा राहिला की दोन प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल एकाच कर्नल स्टॅकवर एकमेकांचं लिहिलेलं पुसतात, आणि चूक भलत्याच जागी दिसते.

स्टॅकखालचं एक पेज रिकामं सोडलं की स्टॅक ओसंडला तर लगेच कळतं. कर्नल स्टॅकसाठीही तेच करा, पण मग डबल फॉल्टला स्वतंत्र स्टॅक देणारा टास्क गेट हवा. नाहीतर फॉल्टची माहिती त्याच ओसंडलेल्या स्टॅकवर ठेवायला जाऊन थेट रीसेट होतो.

आता कंट्रोलर. तुम्ही बोर्ड कोणता ते लिहिलेलं नाही, म्हणून कॉर्टेक्स-एम आणि रिस्क-फाइव्ह या दोन्ही शक्यता धरतो. एआरएमचा कॉर्टेक्स-एम असेल तर त्यात बहुधा एमपीयू (मेमरीच्या पट्ट्यांवर पहारा ठेवणारं हार्डवेअर) असतो. खरेदीआधी त्या चिपच्या डेटाशीटमध्ये बघून घ्या, सगळ्यांत नसतो. पत्ते बदलत नाहीत. एमपीयू फक्त ‘या पट्ट्यात काय चालेल’ एवढंच सांगतो. म्हणजे पाया आणि आकार: सेगमेंटचा धाकटा भाऊच. कॉर्टेक्स-एमच्या एआरएमव्ही७-एम पिढीत साधारण ८ पट्टे मिळतात, आकार दोनच्या घातात, किमान ३२ बाइट, आणि पाया त्या आकाराच्याच पटीत. ५ केबी हवी असलेल्या टास्कला ८ केबीचा पट्टा घ्यावा लागतो. पण २५६ बाइट किंवा त्याहून मोठ्या पट्ट्याचे आठ सारखे भाग पडतात आणि ते वेगवेगळे बंद करता येतात, तेव्हा १ केबीचे तीन भाग बंद केले की उरलेली जागा दुसऱ्याला देता येते. एआरएमव्ही८-एम मध्ये ही दोनच्या घाताची अट गेली, पाया आणि शेवट ३२ बाइटच्या पटीत असला की पुरे. पण तिथे पट्टे एकमेकांवर चढलेले चालत नाहीत. व्ही७ मध्ये चालतात, आणि मोठ्या क्रमांकाचा पट्टा जिंकतो. रिस्क-फाइव्हच्या पीएमपीमध्ये (तिथला एमपीयूच) उलट, लहान क्रमांक जिंकतो. एकीकडून दुसरीकडे कोड नेताना इथे घोटाळा ठरलेला.

व्हॉल्व्हच्या कामात मेमरीइतकंच रजिस्टरांचं संरक्षण महत्त्वाचं. ज्या पत्त्यांवर व्हॉल्व्हच्या पिना आहेत तो पट्टा एकाच टास्कला द्या. सेन्सर वाचणाऱ्या किंवा मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या टास्कने चुकून तिथे लिहिलं तर फॉल्ट यायला हवा. हा फॉल्ट वेगळा हवा असेल तर मेममॅनेज नावाचा फॉल्ट आधी चालू करावा लागतो, नाहीतर सगळं हार्डफॉल्टमध्ये जाऊन पडतं. पट्टे बदलल्यावर तो बदल लागू होण्यासाठी डीएसबी आणि आयएसबी या दोन सूचना द्या. डीएमएला (प्रोसेसरला वगळून परस्पर मेमरीत लिहिणारं हार्डवेअर) एमपीयू अडवत नाही, तेव्हा डीएमएला पत्ता देण्याचं काम कर्नलकडेच ठेवा.

फॉल्ट आल्यावर काय करायचं, हे मेमरीच्या बाहेरचं आहे, पण शेतावर तेच सगळ्यात जड. बॅटरीवरच्या कंट्रोलरला सहसा लॅचिंग सोलेनॉइड असतो. वीज गेली किंवा चिप रीसेट झाली तरी तो शेवटच्या जागी तसाच राहतो. शेतीची थ्री-फेज रात्रीच्या पाळीत आलेली असेल आणि उघडा व्हॉल्व्ह विसरला गेला, तर सकाळी एका बागेत तळं आणि दुसरी कोरडी. म्हणून फॉल्टच्या हाताळणीत आधी पंप बंद, मग त्या टास्कच्या व्हॉल्व्हना बंद होण्याचा पल्स, मग टास्क पुन्हा सुरू. क्रम उलटा केला तर चालू पंपापुढे सगळे व्हॉल्व्ह बंद होतात आणि पाइपमध्ये दाब चढतो.

दोन्हीकडे एकच गाभा चालवायचा असेल तर कर्नलमध्ये पेज हा शब्दच पसरू देऊ नका. ‘हा पट्टा, या परवानग्या, या टास्कला’ एवढीच मागणी ठेवा. एक्स८६ वर ती पेज टेबलात जाईल, कंट्रोलरवर एमपीयूच्या रजिस्टरांत. एक फरक मात्र झाकता येत नाही: पेजिंगमध्ये सगळे प्रोग्रॅम एकाच पत्त्यावर लिंक होतात, एमपीयूवर प्रत्येकाची जागा वेगळी ठरवावी लागते. लिंकर स्क्रिप्ट (पत्ते ठरवणारी फाइल) दोन लागतील.

वेळ अगदी कमी असेल, सादरीकरण महिन्यावर आलं असेल आणि चौकटींचा हिशेबही अजून लिहिलेला नसेल, तर सरांचा पाया-मर्यादा मार्ग धरायला हरकत नाही. प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे राहतील, आणि वर सांगितलेल्या मर्यादा अहवालात लिहून टाका.

कोणताही मार्ग घ्या, पाच खोडकर प्रोग्रॅम आजच लिहून ठेवा. एक पत्ता शून्यावर लिहिणारा, एक कर्नलच्या जागेत लिहिणारा, एक सिस्टिम कॉलला कर्नलचाच पत्ता देणारा, एक स्वतःलाच न थांबता बोलावत स्टॅक ओसंडवणारा, आणि एक रिंग ३ मधून इंटरप्ट बंद करायला बघणारा. तिसऱ्याला सिस्टिम कॉलकडून नकार मिळाला पाहिजे, बाकीचे मेले पाहिजेत, आणि शेल चालू राहिला पाहिजे. पाया-मर्यादा घेतलीत तर यातला चौथा स्वतःचाच डेटा पुसून मग उशिरा पकडला जाईल, आणि पहिला सुटून जाईल. पत्ता शून्य तिथे प्रोग्रॅमच्याच हद्दीत असतो. तोंडी परीक्षेत तो प्रश्न विचारला जाईल असं धरूनच तयारी ठेवा.